अंगण वाकडं असेलही, पण मोजलंय कुणी?

पत्र : मी ४४ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून दहा मीटर एअर पिस्तूल नेमबाजी करते, निव्वळ हौस म्हणून. आठवड्यातून तीनदा रेंजवर जाते. पिस्तूल क्लबचं, तेही चौघांत मिळून एक. साठ शॉट्सचा माझा स्कोअर सहाशेपैकी ५१५ ते ५२५ च्या पुढे सरकतच नाही. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या मैत्रिणीने नवंकोरं पिस्तूल घेतलं आणि महिन्याभरात ती बारा गुणांनी वर गेली. (हल्ली मला पुढची साइटही धुरकट दिसते. जुनं पिस्तूल, दुसरं काय!) मीही पैसे बाजूला टाकलेत. पण घरी विषय काढला की नवरा म्हणतो, "नाचता येईना अंगण वाकडं," आणि त्या तुर्की नेमबाजाचा खिशात हात घातलेला फोटो पुढे करतो. कोच म्हणतात, "हत्यार नको बघू, हात बघ." खरं कोणाचं? पिस्तूल घेऊ की नको?
— पाचशे वीसवर अडकलेली

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकून मोकळ्या झालात. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा तो खुंट, धुरकट दिसते! अहो, पिस्तूल कितीही जुनं झालं तरी साइट धुरकट होत नाही. तिच्या कडा झिजतील, काळा रंग उडून ती चकाकायला लागेल, स्क्रू ढिला होऊन ती डुगडुगेल. धुरकट दिसते ती आपल्या डोळ्यांना. ४४ व्या वर्षी चाळिशी लागते, त्यात नवल काही नाही. नवल याचं, की रेंजवर दोन वर्षं काढूनही हे तुम्हाला कुणी विचारलं नाही.

हात सरळ ताणून पिस्तूल धरलं की पुढची साइट डोळ्यापासून साधारण मीटरभर अंतरावर येते. हे अंतर मोठं अडनिडं आहे. वाचायच्या चष्म्याला लांब, आणि दूरच्या नंबराला जवळ. तरुण डोळा आपोआप तिथे जुळवून घेतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि ही लवचिकता कमी होते. मग काय होतं? समोरचं लक्ष्य छान काळंभोर, गोल, रेखीव दिसतं आणि पुढची साइट धुरात. स्वच्छ दिसतं तिकडेच नजर धावणार, म्हणजे लक्ष्याकडे. आणि पिस्तूल नेमबाजीत नजर लक्ष्यावर गेली की गुण गेले.

तुम्ही चष्मा लावता की नाही, हे लिहिलेलं नाही. प्रोग्रेसिव्ह काचांचा लावत असाल तर गोष्ट आणखी अवघड. त्या काचेचा वरचा भाग लांबचं पाहण्यासाठी, खालचा वाचण्यासाठी आणि मधली अरुंद पट्टी मधल्या अंतरासाठी असते. मान सरळ ठेवून नेम धरलात तर नजर वरच्या भागातून जाते आणि साइट धूसर होते. ती स्पष्ट दिसावी म्हणून नकळत हनुवटी वर जाते. हनुवटी किती वर जाईल, हे दर शॉटला वेगळं. कोचला दिसतं एवढंच की तुमची मान स्थिर नाही. मग ते मानेवर बोलतात, तुम्ही मान आवळून धरता, आणि खांदा दुखायला लागतो.

पुढच्या साइटचं एवढं कौतुक कशाला, याचं उत्तर सोप्या भूमितीत आहे. पुढची साइट आणि डोळ्याकडची, खाच असलेली मागची साइट यांच्यात साधारण ३५ सेंटिमीटर अंतर असतं. लक्ष्य १० मीटरवर. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर एका बाजूला सरकली, तर लक्ष्यावर छर्रा सुमारे २८ मिलिमीटर बाजूला लागतो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. म्हणजे त्या एका मिलिमीटरने दहाच्या जागी थेट सात. आणि दोन्ही साइट्स एकमेकींशी जुळलेल्या असताना सगळा हातच एक मिलिमीटर सरकला तर? छर्राही एकच मिलिमीटर सरकतो, दहा तो दहाच. हात थरथरतो म्हणून माणसं हळहळत बसतात, पण एवढ्या थरथरीने बिघडत नाही काही. बिघडतं ते मनगट मोडून साइट्स एकमेकींपासून सुटल्या की. आणि धुक्यातून बघणाऱ्या डोळ्याला तो मिलिमीटर सुटलेला कळतच नाही.

तेव्हा बाजूला टाकलेल्या पैशांतला पहिला खर्च डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पिस्तूल हातात घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका, दवाखान्यात गोंधळ उडेल. त्याआधी रेंजवर रोजच्या पवित्र्यात उभ्या राहा, कुणाला तरी डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजायला सांगा, आणि तो आकडा घेऊन जा. सांगायचं एवढंच, की या अंतरावरची वस्तू रेखीव दिसायला हवी आणि लांबचं थोडं पुसट झालं तरी चालेल. पिस्तूल नेमबाजांना लांबच्या नंबरात साधारण पाऊण नंबराची भर सोसते, पण तुमच्या डोळ्यांचा निकाल डॉक्टर देतील. एकाच नंबराची साधी काच घ्या, प्रोग्रेसिव्ह नको. साध्या फ्रेममध्येही चालेल. महागड्या नेमबाजीच्या चष्म्याचा खरा फायदा असा की मान वळवून उभं राहिल्यावरही काच नजरेच्या रेषेत काटकोनात बसवता येते. तो पुढे कधीतरी बघू. दुसरा डोळा मिटायची सवय असेल तर ती सोडा, मिचकावून नेम धरणारा डोळाही थकतो. त्या डोळ्यापुढच्या काचेवर दुधी चिकटपट्टीचा तुकडा लावा, दोन्ही डोळे उघडे राहतील.

आता यजमानांच्या म्हणीकडे येते. म्हण झकास आहे, पण तिच्यात एक खोट आहे. अंगण वाकडं आहे की नाही, हे त्यात कुणीच तपासलेलं नाही. नाचणारीने तक्रार केली, बघणारा हसला, संपलं. पिस्तुलाच्या बाबतीत तसं व्हायचं कारण नाही, कारण हे अंगण अर्ध्या तासात मोजता येतं.

टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, तिच्यावर हात आणि पिस्तूल टेकवा आणि कोचना त्या क्लबच्या पिस्तुलाने दहा शॉट्स मारायला सांगा. तुम्ही नको, आत्ता तुमच्या डोळ्यांवर भरवसा नाही. कागदी लक्ष्य, नेहमीचे छर्रे. दहाही छिद्रं एकमेकांत मिसळून एकच फाटकं भोक झालं आणि ते दहाच्या वर्तुळात मावलं, तर त्या पिस्तुलाने साठपैकी साठ दहा मारता येतात. मग तुमचे हरवलेले ऐंशी गुण त्याच्या नावावर टाकता यायचे नाहीत. भोक पसरट निघालं तर मात्र तुमची तक्रार खरी. तरीही लगेच नवं घ्यायला धावू नका. साइटचे स्क्रू, नळीतली घाण, सिलिंडरमधला दाब, झिजलेली सील, एवढं आधी पाहून घ्या. छर्ऱ्यांचा दुसरा डबाही एकदा घालून बघा. काही नळ्या ठरावीक छर्ऱ्यांवर रुसतात, हे खरं आहे. पण पाचशे वीसच्या पातळीवर त्या संशोधनात महिने घालवू नका. एक डबा बरा लागला की तोच चालू ठेवायचा.

ट्रिगरही तोलून घ्या. स्पर्धेत एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन पेलावं लागतं. तपासणीला तेवढं वजन ट्रिगरवर टांगून पिस्तूल सरळ वर उचलतात. चौघांच्या हातात फिरणाऱ्या पिस्तुलाचा ट्रिगर कुणीतरी कधीतरी पिळून ७०० वर नेलेला असतो आणि बाकीचे तिघं निमूट ओढत राहतात. पाच मिनिटांचं काम आहे, पाना लागतो फक्त.

हे सगळं मी दाबाच्या हवेवर चालणारं पिस्तूल गृहीत धरून लिहिते आहे. क्लबकडे जुनं स्प्रिंगचं असेल तर मी तुमच्या बाजूने. स्प्रिंगच्या हत्यारात छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच आतला दट्ट्या धडकतो आणि सगळं हत्यार हलतं. ते वश करायलाही कौशल्य लागतं, पण ते तुम्हाला हव्या त्या खेळाचं नव्हे.

आता तो फोटो. युसुफ डिकेच, पॅरिस २०२४, मिश्र सांघिक दहा मीटर एअर पिस्तूल, रौप्यपदक. साधा टी-शर्ट, रोजचा चष्मा, एक हात खिशात. बघणाऱ्यांना वाटलं, माणूस चहाला निघाला होता, जाता जाता पदक घेऊन गेला. त्यात तीन गोष्टी झाकल्या गेल्या. खिशातला हात ही ऐट नव्हे, रिकामा हात लोंबकळून तोल जाऊ नये म्हणून बहुतेक पिस्तूल नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं, पहिलं २००८ सालचं. आणि त्याच्या हातात होतं ते स्पर्धेसाठीच बनवलेलं पिस्तूल, त्यात काटकसर नव्हती. त्याच स्पर्धांत दक्षिण कोरियाची किम ये-जी एका डोळ्यापुढे भिंग आणि दुसऱ्यापुढे झापड लावून उभी राहिली, तिचाही फोटो जगभर फिरला, आणि महिलांच्या दहा मीटर एअर पिस्तुलात तिलाही रौप्यच मिळालं. यजमानांना हा दुसरा फोटो पाठवा. डिकेच तेव्हा ५१ वर्षांचा होता, हेही त्यांना सांगा. वय काढायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

साधन की कौशल्य, या वादात दोन्हीकडच्यांना हवे ते दाखले सापडतात, म्हणून तो संपत नाही. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स घ्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या काही महिने आधी कुणीतरी त्याच्या रायफलीची नासधूस केली. तो उसन्या रायफलीवर उतरला आणि पन्नास मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या प्रकाराचं, सुवर्ण घेऊन गेला. झालं, कौशल्यवाल्यांची सरशी. पण दोनच दिवसांनी थ्री पोझिशनच्या (पालथं, गुडघ्यावर आणि उभं राहून) अंतिम फेरीत तो आघाडीवर असताना शेवटचा शॉट शेजाऱ्याच्या लक्ष्यावर मारून बसला. शून्य गुण, आठवा क्रमांक. यात रायफलीचा दोष नाही आणि हाताचाही नाही, शॉट अगदी नीट लागला होता, फक्त दुसऱ्याच्या घरात. उलट बाजूला मनू भाकर. टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत तिचं पिस्तूल मधेच बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली, उरलेले शॉट्स घाईने मारावे लागले आणि अंतिम फेरी हुकली. पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने कांस्य मिळवलं. साधन बिघडलं की कौशल्य हात चोळत बसतं, इतपत खरं. पण बिघडलेलं साधन आणि साधं साधन या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं साधं आहे की बिघडलेलं, ते वाळूच्या पिशवीवर कळेल.

मैत्रिणीच्या बारा गुणांचं थोडं गणित करू. तुमच्या दोघींच्या पातळीवर एकेका शॉटमध्ये सव्वा गुणाची वर-खाली धरली, तर साठ शॉट्सच्या बेरजेत नुसत्या योगायोगाने नऊ-दहा गुणांचा झोका बसतो. तुमचा स्वतःचा ५१५ ते ५२५ हा काय दुसरा प्रकार आहे? त्यामुळे एका चांगल्या दिवसाचे बारा गुण म्हणजे पुरावा नव्हे. तिचे पिस्तूल घेण्याआधीचे दहा स्कोअर आणि नंतरचे दहा, दोन्हीची सरासरी काढा, मग बोलू. आणि सरासरी खरंच वाढली असेल तर तिला विचारा, पिस्तूल आल्यापासून घरी किती वेळ हातात घेतेस? माझा अंदाज, उत्तर त्यातच निघेल. नवी वस्तू आली की माणूस तिला जीव लावतो, रोज काढतो, पुसतो, धरून बघतो. म्हणजे सराव दुप्पट होतो आणि श्रेय वस्तूला जातं. अर्थात, हाही पिस्तूल घेण्याचा फायदाच म्हणायचा.

कोच बरोबर आहेत, पण "हात बघ" हा काही उपाय झाला नाही. हाताचं नेमकं काय बघायचं? तर ट्रिगरचा शेवटचा क्षण. रेंजवर लक्ष्याशिवाय, पांढऱ्या भिंतीसमोर, रिकाम्या पिस्तुलाने उभ्या राहा. साइट्स जुळवा आणि ट्रिगर ओढा. भिंतीवर बघण्यासारखं काही नसल्यामुळे नजर पुढच्या साइटवर राहते. ट्रिगर सुटताना ती साइट जागच्या जागी राहिली तर शॉट चांगला. उजव्या हाताच्या माणसाची ती बहुधा खाली डावीकडे डुबकी मारते. कारण समोर लक्ष्य असताना साइट मधोमध आल्यासारखी वाटली की मन ओरडतं, "आत्ता!" आणि बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. खऱ्या शॉटमध्ये ही डुबकी आवाजात आणि धक्क्यात लपते. कोऱ्या भिंतीवर लपायला जागा नसते. ज्या दिवशी डुबकी दिसायला लागेल, त्या दिवशी अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी खऱ्या शॉटनंतरही सेकंदभर साइटकडेच बघत राहा, आणि गुण दाखवणाऱ्या स्क्रीनकडे वळण्याआधी तोंडाने सांगा, छर्रा कुठे गेला. "आठ, खाली डावीकडे." आधी अंदाज सपशेल चुकतील. ते बरोबर यायला लागले की स्कोअर मागोमाग येतो.

रिकाम्या पिस्तुलाच्या या सरावालाच ड्राय फायरिंग म्हणतात, आणि आठवड्यातून तीनदा रेंजवर जाऊन ते पुरेसं होत नाही. तिथे चौघं रांगेत असतात, छर्रे मारायची घाई असते. घरी रोज पंधरा मिनिटं हवीत. आणि घरी करायचं तर पिस्तूल घरी हवं. म्हणजे पिस्तूल घ्याच, असं मी म्हणते आहे, पण मैत्रिणीचे बारा गुण बघून किंवा क्लबचं जुनं झालं म्हणून नव्हे.

दुसरं कारण ग्रिपचं. चौघांत एक पिस्तूल म्हणजे ग्रिप कुणाच्याच हाताची नाही. एक चाचणी करा. पवित्र्यात उभ्या राहा, पिस्तूल खाली धरून डोळे मिटा, मिटल्या डोळ्यांनी हात वर न्या, स्थिरावला की डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसायला हवी, दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या फटी. दर वेळी ती एकाच बाजूला कललेली दिसली तर ग्रिप तुमच्या मनगटाला वळवते आहे, आणि तुम्ही प्रत्येक शॉटला मनगटाने ते वळण सरळ करता आहात. पहिल्या दहा शॉट्सना जमतं, चाळिसाव्याला मनगट दमतं. तुमच्या शेवटच्या दोन सिरीज (दहा-दहा शॉट्सचे गट) पहिल्या दोनपेक्षा कायम खाली जात असतील तर संशय इथेच धरा. क्लबची ग्रिप तुम्ही कानशीने घासू शकत नाही, स्वतःची घासू शकता. तळहाताची पट्टी वर-खाली करता येते, कमी पडेल तिथे लाकडी लांबी भरता येते. स्वतःचं पिस्तूल घेण्यात मला तरी एवढाच मोठा अर्थ दिसतो. त्याची नळी क्लबच्या नळीपेक्षा सरळ असते, असं मुळीच नाही.

क्रम मात्र मोडू नका. आधी काच, मग वाळूची पिशवी आणि ट्रिगरचं वजन, मग दोन-तीन महिने त्याच पिस्तुलावर नव्या नजरेने. या काळातले स्कोअर लिहून ठेवा, एकेकटे नव्हे, दहा-दहाच्या सरासरीने. नुसत्या चष्म्याने ५३५ दिसले तर कोच आणि यजमान दोघांनाही गप्प बसावं लागेल, आणि पिस्तूल निवडताना तुम्हाला काय हवंय ते स्पष्ट दिसेल. अक्षरशः.

निवडताना दोन-चार गोष्टी. वापरलेलं चालेल, उलट मी तेच सुचवेन. बरीच चांगली पिस्तुलं हौस फिटलेल्या माणसांच्या कपाटात पडून असतात. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा मोह आत्ता नको, साधा यांत्रिक ट्रिगर नीट जुळवलेला असला की पुरे. ड्राय फायरिंगची सोय आहे का ते आवर्जून बघा, तुम्ही घेताय त्यासाठीच. ग्रिप तुमच्या मापाची आणि तुमच्या हाताची हवी, डाव्या-उजव्याची गफलत वापरलेल्या मालात सर्रास होते. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात आणि स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही. पिस्तूल स्वस्तात मिळालं आणि सिलिंडर बाद निघाला, तर नव्या सिलिंडरचा खर्च धरूनच सौदा करा. विकणाऱ्याकडून कारखान्याचा चाचणी-कागद मिळाला तर ठेवा, पण पैसे देण्याआधी वाळूच्या पिशवीवर दहा शॉट्स तुमच्या कोचनीच मारावेत. तुमच्याकडचे परवान्याचे आणि घरी ठेवण्याचे नियम आधी विचारून घ्या. आणि घरच्या सरावाला बसताना छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत, कुलपात. किल्ली यजमानांकडे द्या.